पौषातली पेशी

"निजलीय! अवं, आई निजलीय! निजलेल्या आईपुढं शपथ घेतो व्हय रं, मुडद्या? आन् तुमी हो पेशकारसाहेब, तुमच्या कोर्टाला डोळे हायत का शिंपल्या?"

तुळजापूरच्या देवळाच्या मंडपात कोंडाबाई ओरडत होती. त्या आवाजानं शिखरावरची पारवी उडाली ती थेट नळदुर्गाच्या बुरुजावर जाऊन बसली आणि तीन दिवस खाली उतरली नाहीत, असं नळदुर्गचे लोक सांगतात. सांगत नसतील तर आता सांगतील. तिच्यासमोर तिचा दीर नागनाथ, कल्लोळ तीर्थात बुडी मारून आलेला, ओलेत्या धोतरानं कुडकुडत उभा. गळ्यात कवड्यांची माळ. त्याच्या एका बाजूला त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला त्याचा सासरा, मागं गावची दहा-बारा माणसं. आणि मधोमध मी. काखेत कोर्टाची मिसल, म्हणजे दाव्याच्या कागदांची बांधणी, हातात दौत आणि टाक, डोक्याला टोपी, आणि तोंडात एकही शब्द नाही. माझ्या तोंडात शब्द नाही असं आयुष्यात दोनदाच झालं. पहिल्यांदा झालं ते माझ्या लग्नात.

मी तेव्हाच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आपल्या धाराशिवच्या, मुन्सफ कोर्टात पेशकार होतो. मुन्सफ म्हणजे दिवाणी दाव्यांचा खालच्या पायरीवरचा न्यायाधीश, आणि पेशकार म्हणजे त्याच्या पुढ्यात बसून मिसली सरकवणारा, पक्षकारांना पुढची तारीख सांगणारा कारकून. निजामाचं राज्य गेलं, कागद उर्दूतून मराठीत आले, हैदराबादकडचे साहेब जाऊन मुंबईकडचे आले, पण पेशकार तो पेशकारच राहिला. न्याय साहेब देत, हे कबूल. पण तारीख मी देत असे, आणि दिवाणीत माणसाला न्याय जन्मात एकदा मिळतो, तारीख दर महिन्याला मिळते. तेव्हा मोठं कोण, ते तुम्हीच ठरवा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दिवाणी कोर्टात खरं शोधतात. तसं नाही. तिथं तोलतात. एकानं दावा लावायचा, दुसऱ्यानं कैफियत द्यायची, मग साहेब दोघांच्या कागदांतून भांडणाचे नेमके मुद्दे काढतात, आणि त्या मुद्द्यांवर साक्षी होतात. ज्याचं पारडं गव्हाच्या दाण्याएवढं खाली, त्याचा निकाल. आणि पारड्यात काय काय येऊन पडायचं! मुरुमच्या बाजूचा एक साक्षीदार वयाच्या चाळिशीत पन्नास वर्षांपूर्वीचं लग्न डोळ्यांनी पाहिल्याचं सांगून गेला. साहेबांनी विचारलं, हे कसं? तर म्हणाला, "आमच्याकडं लगीन लई दिवस चालतं, साहेब." मुरुमचाच एक अडत्या एका बोळाच्या वादापायी नऊ वर्षं दर बुधवारी पेशीला आला. नवव्या वर्षी दावा जिंकला, आणि माझ्या टेबलाशी येऊन ढसाढसा रडला. म्हणाला, "आता बुधवारी म्या कुठं जाऊ?"

पण कोंडाबाईचा दावा हसण्यावारी नेण्यातला नव्हता.

गाव माकणीच्या अंगाचं, तेरणेच्या काठचं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून तापट आहेत. कोंडाबाई नवरी होऊन त्या घरात आली तेव्हा घरात सासू नव्हती आणि धाकटा दीर नागू चार वर्षांचा होता. तिनं त्याला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, शाळेत घातलं, वेळेवर त्याचं लग्न लावून दिलं. लग्नानंतर वर्षभरात दोघा भावांनी वाटणी केली. चिंचेखाली, पाच पंच बसवून, तोंडी. नदीपासून वर असलेला कोरडवाहू मोठा तुकडा नागूला, विहिरीचा लहान मळा थोरल्या गणपतला. कागद केला नाही. भावाशी कागद करणं म्हणजे भावाला चोर म्हणणं, अशी तेव्हाची समजूत. या एका समजुतीवर आमच्या जिल्ह्यातल्या वकिलांच्या तीन पिढ्या जेवल्या.

मग गणपत पटकीनं गेला. मूल एकच, मुलगी, ती नांदायला गेलेली. दिवस होऊन पंधरवडा झाला नसेल, नागूनं विहिरीच्या मळ्यात औत घातलं. म्हणाला, वाटणी झालीच नव्हती.

इथं कायद्याची मेख ध्यानात घ्या, फार सोपी आहे. वाटणी झाली असेल तर मळा गणपतचा, आणि त्याच्यामागं कोंडाबाईचा. झाली नसेल तर सगळी जमीन एकत्र कुटुंबाची, कर्ता नागू, आणि कोंडाबाईला त्याच्या दारात बसून भाकर-लुगडं. ज्याला हातानं घास भरवला त्याच्या बायकोकडून ताट सरकवून घ्यायचं. म्हणजे सात वर्षांचा दावा, वीतभर जाडीची मिसल, आणि प्रश्न एकच: चिंचेखाली वाटणी झाली की नाही?

पाच पंचांपैकी तीन वारले होते. चौथा इतका बहिरा झाला होता की त्याला साहेबांनी नाव विचारलं तर त्यानं बैलाचं वय सांगितलं. पाचवा नागूचा सासरा. तो काय सांगणार, ते सांगायला नको. कोंडाबाईच्या वकिलानं युक्तिवाद संपवला आणि पुस्तकं पिशवीत भरली, ती माणूस सरणावर लाकडं रचतो तशी.

तेव्हा कोंडाबाई उठली. साहेबांच्या परवानगीबिरवानगीच्या भानगडीत न पडता म्हणाली, "साहेब, साक्षीदार लई झाले. आता नागूनंच सांगावं. तुळजापूरला जाऊन, आईच्या उंबऱ्यावर हात ठिवून. त्यानं म्हणावं, वाटणी झाली न्हाय. म्या दावा सोडते."

कोर्टात माशी उडाली असती तर तिचा पुकारा करावा लागला असता, इतकं शांत झालं.

त्या काळी इंग्रजाच्या वेळचा शपथेचा एक कायदा होता. त्यात असं होतं की एका पक्षकारानं "समोरच्यानं त्याच्या देवाची अमुक शपथ घेऊन सांगितलं ते मला मान्य" असं म्हटलं, आणि समोरचा तयार झाला, तर कोर्टानं तशी शपथ द्यावी. मग तो जे बोलेल तो शेवटचा पुरावा. त्यावर साक्ष नाही, उलटतपासणी नाही. सगळं घर एका सोंगटीवर लावायचं. हे कलम बऱ्याच वकिलांनी नुसतं वाचलेलं असे. कोंडाबाईला ते कलम ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला देवी ठाऊक होती.

साहेब नाशिककडचे, सज्जन. त्यांनी तिला तीनदा बजावलं. "बाई, तो खोटं बोलला तर तुमचं सगळं गेलं. वरच्या कोर्टातही काही चालायचं नाही. कळतंय का?"

"कळतंय. बोलू द्या त्याला. पर तिथं."

नागूचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. त्याचा वकील त्याच्या कानाला लागला, सासरा वकिलाच्या कानाला लागला. सासऱ्यानं बोटांची पेरं मोजली. मला वाटलं, जपबिप करतोय. मग वकील उठला आणि म्हणाला, "प्रतिवादीला कबूल आहे. फक्त तारीख नाताळच्या सुट्टीनंतरची, पहिल्या सोमवारची मिळावी."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी डायरी पाहिली. सोमवार मोकळा होता. मी तारीख दिली.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगण्यात अर्थ नाही. त्याच आठवड्यात मी नागूच्या सासऱ्याच्या रानात हुरडा खाल्ला होता. गूळभेंडी ज्वारीचा कोवळा हुरडा, तिळाची चटणी, दही. मला कुणी काही मागितलं नव्हतं. मीही काही कबूल केलं नव्हतं. पण हुरडा खाल्लेल्या माणसाला एखादी तारीख मागितली, तर तो "का" म्हणून विचारत नाही. हुरड्याचं तेवढंच काम असतं.

साहेबांनी हुकूम लिहिला. पेशकारानं कोर्टाचा कमिशनर म्हणून तुळजापूरला जावं, प्रतिवादीला स्नान करून ओलेत्यानं, कवड्यांची माळ घालून, देवीसमोर उंबऱ्यावर हात ठेवून शपथ द्यावी, जबाब लिहावा, सही घ्यावी, त्याच दिवशी परत यावं. शेवटी एक ओळ: पुन्हा तारीख नाही. शपथ झाली नाही तर आहे त्या पुराव्यावर निकाल. साहेबांची बदली आलेली होती, आणि त्यांना हा दावा पुढच्याच्या गळ्यात टाकून जायचं नव्हतं. म्हणजे शपथ राहिली तर आहे त्या पुराव्यावर कोंडाबाई बुडाली. शपथ झाली आणि नागू खोटं बोलला, तरी बुडालीच.

सोमवारी सकाळी धाराशिवहून मोटारीनं निघालो. मोटार एकच, त्यामुळं वादी पुढच्या बाकावर, प्रतिवादी मागच्या बाकावर आणि मधे मिसल मांडीवर घेऊन साक्षात कायदा, म्हणजे मी. घाटात मोटार अशी हिसके देत उतरली की कायदा दोनदा प्रतिवादीच्या मांडीत जाऊन पडला. कोंडाबाईच्या हातात एक पिशवी होती, ती तिनं पोटाशी धरलेली. आत काय आहे, म्हणून मी विचारलं.

"पंचा," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"नागूसाठी. ओला व्हईल ना त्यो. त्याला लगीच पडसं हुतं."

मी टोपी काढली, झटकली, परत घातली. दुसरं काय करणार?

देवळाच्या पायऱ्या उतरलो. नागू कल्लोळात उतरला. तोवर दर्शन घेऊन येते म्हणून कोंडाबाई आत गेली, आणि परत आली ती ओरडतच. सिंहासन रिकामं होतं.

देवीची निद्रा दसऱ्याच्या आधी असते, ती साऱ्या मुलखाला माहीत आहे. मूर्ती सिंहासनावरून उचलतात आणि शेजघरात पलंगावर निजवतात. पण तशीच एक निद्रा पौषात असते, शाकंभरीच्या नवरात्राआधी. ती आठवते पुजाऱ्यांना, पंचांगवाल्यांना आणि, त्या दिवशी मला कळलं, नागूच्या सासऱ्याला. त्यानं कोर्टात पेरांवर मोजली होती ती तिथी होती. निजलेल्या देवीला ऐकू जात नाही, ऐकू गेलं नाही तर कोप नाही, एवढा साधा त्याचा हिशेब. सबंध कोर्टात एकाच्याही टेबलावर पंचांग नव्हतं. इंग्रजी तारखेचं कॅलेंडर होतं, त्यावर निजलेल्या देवीचं चित्रसुद्धा नव्हतं.

तर असा मी मंडपात उभा. हुरडा तीन आठवड्यांपूर्वी खाल्लेला, पण त्याची किंमत मला त्या क्षणी कळली.

मी नागूला खांबाआड घेतलं. "तुला ठाऊक होतं?"

तो वर बघेना. "तारीख तुमी दिली, पेशकारसाहेब," एवढंच म्हणाला. आणि ते खरं होतं, हेच वाईट.

वकील घड्याळ बघत होता. "पेशकार, उरका. देवी निजली काय, जागी काय, कायद्याला उंबरा दिसतो. हा उंबरा, हा माझा अशील. द्या शपथ. द्यायची नसेल तर तसं लिहा. वादी ऐनवेळी मागं सरली म्हणून मी साहेबांना सांगतो."

दोन्हीकडून सापळा होता, आणि तो मीच तारीख देऊन लावलेला. मी कोंडाबाईला बाजूला नेलं आणि जन्मात पहिल्यांदा पक्षकाराला पदरचा सल्ला दिला, जो द्यायची मला परवानगी नव्हती. "बाई, शपथ घेऊ देऊ नका. मी लिहितो, देवी निद्रेत होती, शपथ होऊ शकली नाही. साहेबांच्या पाया पडतो, एक तारीख मागतो."

"देत्याल?"

मी साहेबांना ओळखत होतो. "नाही," म्हणालो.

  मग ती शेजघराच्या दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्या पुजाऱ्याकडं गेली. नव्वदीचा असेल, मी दीडशेचा सांगितला असता, पण आज खरं सांगायचा दिवस आहे. तिनं त्याच्यापुढं डोकं टेकलं. "बाबा, आई निजल्यावर तिला ऐकू येतं का?"

म्हाताऱ्यानं आधी आमच्या सगळ्या लटांबराकडं पाहिलं. ओला नागू, कोरडा वकील, माझी मिसल. मग म्हणाला, "तुला लेकरू हाय का?"

"एक पोरगी. आन् ह्यो एक वाढवला." तिनं नागूकडं बोट केलं.

"मग मला काय इचारती? निजलेल्या बाईच्या उशाला ढोल बडवला तर ती कूस बदलती. लेकरानं नुसतं हूं केलं तर उठून बसती." आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "कोर्टवाले, त्या रिकाम्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर कशापायी हात ठिवता? आई हितं हाय. हितं ठिवा. पर हळू बोलायचं. आरडायचं न्हाय."

देवळाचा तसा काही नियम आहे की तो त्या म्हाताऱ्याचा स्वतःचा, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

वकील उसळला. "हुकमात गाभाऱ्याचा उंबरा आहे!"

मी हुकूम काढला आणि वाचला. "देवीसमोर उंबऱ्यावर हात ठेवून." गाभाऱ्याचं नाव नव्हतं. कमिशनरला त्या दिवसापुरता साहेबाचा अर्धा अधिकार असतो, आणि मी माझा अर्धा पुरता वापरायचं ठरवलं. "देवी इथं आहे," मी म्हणालो, "तर उंबरा हाच. तुमची हरकत असेल तर ती लिहून घेतो." वकिलानं हरकत सांगितली, मी शुद्ध अक्षरात लिहून घेतली. सगळ्यांना दहा पावलं मागं सारलं. मग कोंडाबाईला विचारलं, "शेवटचं विचारतो, बाई. होऊ द्यायचं?"

"त्यो हळू बोलणार हाय ना?"

"हो."

"मग हू द्या."

नागू उंबऱ्याशी बसला. सासरा दहा पावलांवरून म्हणाला, "भिऊ नकोस, नागनाथ, झटक्यात सांग," आणि म्हाताऱ्यानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली. मी नागूच्या शेजारी मांडी घालून बसलो, कागद गुडघ्यावर, कान त्याच्या तोंडाशी. दाराला पडदा होता, पडद्यामागं समईचा उजेड. नागूच्या धोतराचं पाणी दगडावरून वाहत माझ्या मांडीखाली आलं. बर्फासारखं. त्याचे दात वाजत होते, आणि प्रत्येक वेळी गळ्यातल्या कवड्याही वाजत होत्या.

मी शपथेचे शब्द हळू सांगितले. तो माझ्यामागं म्हणत गेला. "मी नागनाथ... आईच्या उंबऱ्यावर हात ठिवून... खरं सांगंन..." एवढं नीट झालं. मग मी प्रश्न वाचला. "तुझा भाऊ गणपत जिवंत असताना तुमची वाटणी झाली होती काय?"

त्यानं ओला हात उंबऱ्यावर आणखी दाबला.

आत पलंगाची नवार करकरली. आता तुम्ही म्हणाल, पेशकारानं तिखटमीठ लावलं. लावलं असेल. उंदीर असेल, लाकूड असेल, माझ्याच गुडघ्याचं हाड असेल. पण करकरलं, आणि ते आम्ही दोघांनी ऐकलं, कारण आम्ही दोघांनी एकदम पडद्याकडं पाहिलं.

मी परत विचारलं. नागूनं मान वळवली. दहा पावलांवर माणसांच्या पुढं कोंडाबाई उभी होती. पिशवीतून पंचा काढून तिनं हातात धरला होता, उलगडून, आंघोळीहून येणाऱ्या पोरासाठी धरतात तसा. हे ती मुद्दाम करत होती की सवयीनं, देवच जाणे. मला विचाराल तर सवयीनं.

नागूनं तोंड उंबऱ्याकडं केलं. आवाज इतका बारीक की टाकाच्या करकरीत बुडाला असता. म्हणाला, "झाली व्हती."

"पुन्हा सांग," मी म्हणालो. माझाच आवाज मला ऐकू येईना.

"झाली व्हती. इहिरीचा मळा दादाच्या वाट्याला गेला व्हता. चिंचंखाली."

मी लिहिलं. अक्षर असं वाकडं आलं की कुणी पाहिलं तर म्हणेल, थंडी प्रतिवादीला नव्हे, पेशकाराला भरली होती.

"काय म्हणाला?" वकिलानं दहा पावलांवरून विचारलं. "झाली नव्हती म्हणाला ना?"

मी जागेवरूनच, हळू आवाजात, लिहिलेलं वाचलं. मग जे झालं ते विचारू नका. वकील पुढं झेपावला. "पेशकारानं मनचं लिहिलं! आम्ही कुणी ऐकलं नाही! मोठ्यानं विचारा, सगळ्यांसमोर विचारा!" सासरा म्हणाला, "ह्यो पेशकार बाईकडं फिरला."  ऐकणारा मी एकटा, आणि नागूनं आता नुसतं "मी असं म्हणालोच नाही" म्हटलं की संपलं. कोंडाबाईचा मळा गेला, माझी नोकरी गेली, आणि हुरडा कुठं खाल्ला होता तेही बाहेर आलं असतं. साक्षीदार कोण? पडद्यामागची एक, आणि तिला कोर्टात हजर करता येत नाही.

मी कागद आणि टाक नागूपुढं धरला. "वाचून बघ. तुझं नसेल तर सही करू नकोस."

तो वाचत बसला. ओल्या बोटानं ओळ धरून, शाळेतल्या पोरासारखा. पाण्याचा थेंब कागदावर पडला, एक शब्द पसरला. "नव्हती" नव्हे, "होती" होतं ते, पण पसरलं तर कुणाला काय कळणार? नागूनं तो शब्द बोटानं टिपला. मग खाली सही केली. शिरोरेघ ओढून, पूर्ण नाव. ते अक्षर ज्या शाळेतलं, त्या शाळेत त्याला कुणी घातलं होतं, ते मी सांगितलंच आहे.

सासरा पायऱ्या चढून निघून गेला. कोंडाबाई पुढं आली आणि पंचा नागूच्या डोक्यावर टाकला. "पूस," म्हणाली. आनंद नाही, रडणं नाही. त्यानं डोकं पुसलं. परतीच्या मोटारीतही वादी पुढं, प्रतिवादी मागंच बसला.

घाट चढताना मी न राहवून मागं वळलो. "नागनाथ, देवी तर निजली होती. मग खरं का सांगितलंस?"

"थंडी लई व्हती," तो म्हणाला.

संध्याकाळी साहेबांच्या बंगल्यावर जाऊन मी अहवाल दिला. अकरा पानी. त्यात पारवी होती, नळदुर्ग होता, पलंगाची करकर होती, पुजाऱ्याचं वय होतं. साहेबांनी शांतपणे वाचला, लाल पेन्सिलीनं दहा पानं छाटली, जबाब आणि सही तेवढी ठेवली. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "ही तारीख कुणी दिली होती?"

"मी, साहेब."

"टेबलावर पंचांग ठेवत जा."

दुसऱ्या दिवशी ठेवलं. पुढं माझ्या टेबलापुढून किती साहेब गेले, पंचांग राहिलं. नवे वकील हसायचे, जुने गप्प बसायचे. हुरड्याचं मात्र मी साहेबांना सांगितलं नाही. आज सांगतो आहे. ते हयात नाहीत, आणि मला आता हुरडा चावत नाही.

लोकांना वाटेल, मी देवाधर्माची महती सांगतोय. तर ऐका. त्यानंतर आणखी दोनदा मी अशा शपथा दिल्या. देवी जागी होती, सिंहासनावर होती, दिवस शुक्रवारचा होता, आणि दोन्ही वेळा माणसं उंबऱ्यावर हात ठेवून खणखणीत आवाजात खोटं बोलली. घरी गेली, जेवली, झोपली आणि म्हातारी होऊन मेली. एकाचा नातू माझ्या शेजारी राहतो, चांगला मुलगा आहे. पुढं कायदा बदलला, ते कलम गेलं. बरं झालं. माणसाच्या मळ्याचा निकाल थंडीवर सोडू नये.

पण कोंडाबाईचा मळा तिला मिळाला. ताबा द्यायला बेलीफ गेला तेव्हा नागूनं स्वतः औत बाहेर काढलं, आणि दुसऱ्या हंगामात तिच्याच सांगण्यावरून, पिकाच्या वाट्यावर मळा कसायला, परत आत घातलं.

मी निवृत्त झालो, केस गेले, दात गेले, तेरणेवर धरण झालं. माकणीच्या अंगाची कितीतरी रानं पाण्याखाली गेली. एक दिवस धाराशिवच्या बसस्थानकावर एक वाकलेली म्हातारी माझ्याकडं टक लावून बघत होती. तिनंच ओळखलं. "पेशकार न्हवं का तुमी?"

शेजारी बसलो. चहा पाजला. नागूचं विचारलं, तर तो दोन वर्षांमागं गेला होता. पडशानं नव्हे, हे तिनं आपण होऊन सांगितलं. मळ्याचं विचारलं, तर धरणात.

माझा जीव हळहळला. सात वर्षं, वीतभर मिसल, ओलेतं धोतर, तो कागद, तो पसरलेला शब्द, ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "अहो कोंडाबाई, एवढं भांडून, जिवावर उदार होऊन मिळवलेला मळा, आणि शेवटी पाण्यात बुडाला."

तिनं बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्या नावावर बुडाला."